महाराजपुऱ्याचं जहाज

नकाशा आला दिल्लीहून, निळ्या कागदावर.
ओव्हरसियर कुरेशी म्हणाले, "सर्जेराव, जहाज काढायचंय."
मी म्हटलं, कुठं?
"रनवेवर. नाहीतर काय चंबळमध्ये?"

लांबी हजार फूट. मी आणि छोटेलाल,
सुतळी, खुंट्या, पांढऱ्या रंगाचे बारा डबे.
काम रात्री, कारण दिवसा डांबर चपला धरून ठेवायचं.
पहिल्या रात्री नाळ. मग डावी कड.
उजवीकडे, खऱ्या जहाजावर जिथं माडी असते म्हणे,
तिथं रिकामी पिंपं रचली, तिनावर तीन,
वर छोटेलालनं मेळ्यातली झेंडी खोचली.

मी समुद्र पाहिलेला नाही.
खापरपणजे कोकणातून आले शिंद्यांच्या फौजेबरोबर,
त्यांनी पाहिलेलं त्यांच्याबरोबर गेलं.
घरात एक शब्द तेवढा राहिला:
काका चिडले की काकू विचारायची, उधाण आलंय का?

मग विमान आलं. लढाऊ नव्हे,
पोटात दोन ट्रक मावतील असं, चार पंख्यांचं.
शेपटीला आकडा नाही, धरायला दोर नाही.
"टेकायचं आणि पंखे उलटे फिरवायचे,"
कॅप्टन कुरुविला बशीतला चहा फुंकत म्हणाला,
जणू दावं नसलेली म्हैस गोठ्याच्या दारात थांबते.
पंखाचं टोक आणि पिंपं, मध्ये पंधरा फूट.
मी मोजलं होतं, टेपनं,
आणि विश्वास बसेना म्हणून पावलांनी.

पहिल्यांदा नाळ ओलांडून दीडशे फूट गेलं.
"बुडालं," छोटेलाल म्हणाला. कुणी हसलं नाही.
दुसऱ्यांदा सत्तर.
तिसऱ्यांदा पुढचं चाक थेट माझ्या रेषेवर;
रंग वाळून महिना झालेला, तरी मी पाहून आलो
फराटा उठला का.
एकविसाव्या खेपेला इतकं अलीकडे थांबलं
की उरलेल्या जागेत मेळ्यातला पाळणा उभा राहिला असता.
झेंडी नुसती थरथरली.

"पण जहाज हलतं ना?" मी कुरुविलाला विचारलं.
"हलतं. ते तुला रंगवता येणार नाही."

खऱ्या पाण्यावर ते उतरलं का, कुणी सांगितलं नाही.
दिवाळीआधी हुकूम आला, काळा मारा.
मारला.
पिंपं कुणी कुणी पाण्याला नेली.

आता छोटेलालचा नातू तिथं गवत कापतो.
म्हणतो, मे महिन्यात काळ्याचे पापुद्रे सुटतात,
खालून एक पांढरी कड दिसते, लांबच लांब, कसली असेल?
तिच्यापलीकडं पाय टाकू नको, मी म्हणतो.
आणि छोटेलाल, ज्याला आता नीट ऐकूही येत नाही,
जोरजोरात मान हलवतो.