शेरा

मार्चअखेर साठा तपासायचा असतो.
कापडी पाठीची जुनी नोंदवही,
तिच्यात माझ्याआधीच्या दोघांची अक्षरं:
एक उजवीकडे कललेलं, एक मुंगीएवढं,
मग एकोणीस वर्षं माझंच.

स्टूल चाळीस. प्रत्यक्षात एकतीस.
काही वर्गोवर्गी गेले, खिडक्यांना टेकू म्हणून,
एक फाटकापाशी चौकीदार रामरतनच्या बुडाखाली आहे,
त्यापुढे मी 'वापरात' असं लिहितो.
ब्युरेट अकरा. तीन वरून फुटक्या,
पाचाच्या खुणेपासून मोजलं तर चालतात.
सूक्ष्मदर्शक दोन.
त्यातल्या एकातूनच दिसतं.

पालद्याच्या पुढे, सिटी बस वळून परत फिरते
तिथे आमची सरकारी शाळा.
दुपारच्या सुट्टीत गोळ्यांच्या कारखान्यातून
संत्र्याचा वास येतो, फुकट,
आणि टँकर आला तर पाणी.
माध्यम हिंदी.
मी दिवसभर हिंदीत ओरडतो,
मोजतो मात्र मराठीत, ओठ न हलवता.

नववी ब. त्रेसष्ट मुलं, एक भिंग, पस्तीस मिनिटं.
भागाकार मी करून ठेवलाय: प्रत्येकी तेहतीस सेकंद,
त्यातली दहा ढकलाढकलीत जातात.
कांद्याचा पापुद्रा मी घरूनच आणतो.
फैजान मन्सूरीला स्वतःच्या पापण्या दिसल्या,
त्यानं त्याच काढल्या वहीत, नीट, छायेसकट.
कुलदीप म्हणाला, कुछ नहीं दिखा सर.
त्या दिवशी खरं बोलणारा
बहुधा तो एकटाच.

मग भगवंती अलावा.
बाप अलीराजपूरचा, बायपासपलीकडच्या इमारतींवर गवंडी,
रविवारी ही त्याला विटा देते.
तेहतीस झाले, चाळीस झाले, उठेना.
मागून ओरड सुरू झाली.
डोळा न काढता म्हणाली,
'सर, इसकी तो चुनाई हुई है.'
आणि थोड्या वेळानं,
'जोड़ पे जोड़ कहीं नहीं आया.'

चलो, अगला, असं म्हणायला हवं होतं मी.
त्याऐवजी जिभेवर एक शब्द आला: सांधमोड.
आमची मागची खोली बांधताना वडील
गवंड्याला सारखे बजावत, सांधमोड नीट घे रे.
चाळीस वर्षांत तो मला लागला नव्हता,
हिंदीत काय म्हणतात ठाऊक नाही,
तिच्या घरी भिलीत असेलच काहीतरी.
मी तो तिला दिला.
तिनं एकदा म्हणून पाहिला, सांदमोड,
ध चा द करून,
आणि पुन्हा डोळा लावला.

घंटा झाली. अकरा जणांचा नंबर लागला नाही.
त्यांनी पुस्तकातली आकृती उतरवली.
त्यांना पूर्ण गुण पडले.
भगवंतीच्या आकृतीवर मिश्रा मॅडमनी
लाल शाईत लिहिलं, केंद्रक कुठे आहे?
बरोबरच आहे. केंद्रक तिनं काढलंच नव्हतं.
विटा मात्र एकशेचार होत्या.
मी मोजल्या.

आता भगोरियाला गावी गेलेले
अजून सगळे परतलेले नाहीत.
परीक्षा सोमवारपासून.
सायकल शेडमध्ये मुलींच्या सरकारी सायकली,
सगळ्या एका रंगाच्या, म्हणून ओळखीसाठी
कुणी हँडलला रिबन बांधलीय, कुणी तुटकी बांगडी,
एकीला ओळंब्याचा लाल दोरा.
ती धूळ खात तीन आठवडे उभी आहे.

सायकली माझ्या साठ्यात येत नाहीत.
त्यांची वही वेगळी, कपाट वेगळं,
किल्ली हेडमास्तरांकडे.
तरी मोजणी संपवून, वही बगलेत घेऊन
जाता जाता मी तिची चाकं दाबून पाहिली.
पुढच्यात होती हवा.
मागच्यात कमी.