झडती

प्रेसमध्ये जिजीचं काम एवढंच,
पोस्टाच्या तिकिटांचे ताव उजेडात धरायचे.
भोक चुकलंय का, शाई फुटलीय का.
चुकलेल्यावर पेन्सिलीची बारीक फुली.
एकतीस वर्षं.

घरीसुद्धा बोटं ऐकायची नाहीत.
भाकरी उजेडात धरायची,
माझी वही, काकाच्या पँटचा गुडघा,
आणि मला बघायला आलेला सिडकोतला तो मुलगा.
तो गेल्यावर त्याच्या कपाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली,
"शाई फुटलीय गं."
आई दोन दिवस बोलली नाही तिच्याशी.

संध्याकाळी भोंगा झाला की गेटवर झडती.
बायकांची खोली वेगळी, हिरवा पडदा.
हात वर. अंबाडा सोडा. डबा उघडा.
जेलरोडच्या आमच्या दोन खोल्यांच्या दारात येऊन
ती सवयीने परत हात वर करायची,
आणि मी, सहा वर्षांची,
तिच्या काखेत गुदगुल्या करून जाड आवाजात म्हणायची,
"जा बाई, सोडलं!"
एकदाच तिने हात वर केले नाहीत.
मी रुसले होते, एवढंच मला आठवतं.
बाकीचं आईने आत्ता सांगितलं, ती गेल्यावर :
त्या दिवशी एक ताव कमी भरला होता.
सगळ्याजणींना लुगडी सोडायला लावली.
ताव मशीनखाली सापडला, सात वाजता.
जिजीने त्या रात्री घासलेली भांडी पुन्हा घासली.

सुटीच्या दिवशी नाशिकरोड स्टेशनबाहेर
भाजी घेता घेता ती माणसं ओळखायची.
बाकीचे पिशवी पायाशी ठेवतात,
हे लोक ठेवत नाहीत.
कुठून कुठून आलेले, डोकं भादरलेले,
लाल फडक्याची गाठ छातीशी धरून
बसच्या पाट्या वाचत उभे.
मेथीची जुडी माझ्या हातात कोंबून जिजी पुढे व्हायची.
"गंगा पे जाना है ना? रिक्षा नको करू, लुटेगा.
वो बस में बैठो. मालेगाव स्टँड को उतरो.
और पहले कुछ खाओ रे बाबा,
उपाशी पोट से रडू भी नीट नहीं आता."
बिहारचा माणूस असो की बेळगावचा,
तिची हिंदी त्याला कळायची.

शेवटची आंघोळ घालताना
शेजारच्या सिंधूताईंनी तिचे दोन्ही हात वर उचलले,
पाणी काखेतून ओघळावं म्हणून.
मी तांब्या घेऊन उभी.
काही नव्हतं तिच्याजवळ.
अंबाडा सुटलेला, बांगड्या काढलेल्या,
बोटांवर शाई तर कधीचीच नाही.
म्हणायचं तेवढं एक वाक्य होतं.
बायका होत्या आजूबाजूला.
नाही म्हटलं.

तिसऱ्या दिवशी काका गाडीवर पुढे गेला
भटजींना गाठायला.
पिशवी माझ्या मांडीवर, खिडकीची जागा.
उपनगर गेलं, गांधीनगर गेलं,
द्वारकेला बस नेहमीसारखी अर्धा तास अडकली.
शेजारी एक बाई, मांडीवर शेवग्याच्या शेंगा.
तिने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.
"लांबून आलात?"

मी या गावात जन्मले. बिटकोत शिकले.
गंगेवरचं कुठलं दुकान कधी उघडतं ते मला पाठ आहे.
मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून,
मलाच कळलं नाही.

"मालेगाव स्टँडला उतरा," ती म्हणाली.
"तिथून उतार आहे, चालत जा, रिक्षा करू नका."
शेंगा सावरत शालिमारला उठली,
दोन पावलं गेली आणि मागे वळली.
"आणि आधी काहीतरी खाऊन घ्या, ताई."

मी उतरले.
गाड्यावर भजी तळत होती.
काकाचे फोनवर फोन येत होते.
बाकावर जागा होती, पिशवी ठेवण्याएवढी.
ठेवली नाही.
भजी गरम होती, तोंड पोळलं,
एका हाताने खाल्ली. सगळी.