बोटभर

शारी नदीचं पाणी उतरलं की
अल्लारासेमची माणसं डबक्यांत जाळी टाकतात
आणि मी खड्डा खणते,
हातभर खोल, माशांच्या आतड्यांसाठी.
हे माझं काम. महिन्याला साबणाच्या दोन वड्या,
एकदा मिळालेला पिवळा सदरा, आणि वही.

सकाळी कुत्र्यांचे पाय बघते.
माणसांचेही बघते, पण माणसं लपवतात.
कुत्रं लपवत नाही. फार तर चावतं.

मी लहान होते तेव्हा नेलूमतामावशीला आला होता.
आधी घोट्यापाशी खाज, मग फोड,
मग आग. अशी आग की ती धावत तळ्यात उतरली,
गुडघाभर पाण्यात उभी राहून म्हणाली, हुश्श.
त्या एका हुश्शमध्ये
नारूनं आपली सगळी पिल्लं सोडून दिली.
दुधाळ काहीतरी पसरलं, विरलं.
आम्ही घागरी भरल्या.

वर्षानं आमच्या घरात चौघे आडवे. ऐन पेरणीत.

कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं खाल्लेलं बाधलं.
जुलाब लागले तर सकाळचं आठवावं,
ताप आला तर परवाचं.
हा मात्र विचारतो:
गेल्या साली, शेळी हरवली त्या दुपारी,
कुठल्या डबक्याचं प्यायलीस?
शेळी आठवते. पाणी कुणाला आठवतं?

मला वाटायचं, एक दिवस मोठी गाडी येईल
आणि तिच्यात औषध असेल.
गाडी आली.
तिच्यात कापड होतं.
दाट विणीचं, घागरीच्या तोंडाला बांधायचं.
पाण्यात पिसू असते, पिसवेच्या पोटात नारूचं पिल्लू,
ती कापडात अडकते. संपलं.
गोळी? नाही. सुई? नाही.
एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही, असंही नाही.
म्हातारे हसले. मीही हसले होते, खोटं कशाला बोलू.

या वर्षी माणसांत कुणाला नाही. वहीत सगळी शून्यं,
मी ती गोल गोल काढते, हौसेनं.
मग रोनेलच्या कुत्र्याच्या मागच्या पायाला
पांढरा दोरा लोंबताना दिसला.

कुत्र्याचं नाव ‘बोलूदेत’.
(रोनेलच्या बापानं ठेवलंय, शेजाऱ्यांसाठी.)
बोलूदेतला बांधला कडुनिंबाखाली.
ओल्या फडक्याच्या वळकटीवर दोरा गुंडाळायचा,
आज बोटभर, उद्या बोटभर.
ओढलास तर तुटेल, तुटला तर आत कुजेल,
पायाचा भोपळा होईल.
रोनेल म्हणाला, मावशी, किती दिवस?
मी म्हणाले, तो म्हणेल तितके.

नवव्या रात्री कुत्रं रडत होतं.
सकाळी साखळी जागेवर, गाठही जागेवर,
फक्त गाठ माझी नव्हती.
आणि बोलूदेतच्या पोटाखाली चिखल, ओला.

रोनेल काही बोलला नाही.
मीही नाही.
लिहिलं: तळं, उत्तरेकडचं. तारीख.
गाडीवाले आले, पाण्यात औषध शिंपडून गेले,
महिन्यानं परत येतो म्हणाले.
अल्लारासेम माझ्या दारात थुंकला.
म्हणाला, एका कुत्र्यापायी.
आता बायका माझ्या आधी पाणी भरून घेतात,
मी आले की घागरी उचलतात.
कापड मात्र बांधलेलं असतं. मी बघते.

अठराव्या दिवशी शेवटचं टोक आलं.
हातभर लांब, ओल्या शेवयीसारखा.
एवढ्यासाठी.
रोनेलनं तो जाळला, मग खूप वेळ हात धूत बसला,
माझ्याच साबणानं.

मी विचारलं, त्या रात्री तूपण उतरलास ना पाण्यात, त्याच्याबरोबर?
प्यायलास?
तो बोलूदेतच्या कानातली गोचीड काढत राहिला.

वहीत पुढच्या वर्षाची पानं कोरी आहेत.
एका पानाचा कोपरा मी दुमडून ठेवलाय.