मागचा डावा कोपरा

ब्लायनाय गावात पाऊस ही बातमी नसते.
इथे डोंगर पाटीच्या दगडाचे, छपरंही त्याचीच,
आणि त्यातली निम्मी छपरं
माझ्या हातची.
एकेचाळीस वर्षं. एक थेंब आत आला असेल
तर दाखवा, असं मी पबमध्ये मोठ्यानं म्हणायचो.

म्हणून शोभलं नाही मला,
की नेरिसच्या गाडीत
पायाखालचं कार्पेट दाबावं
आणि भिजल्या मेंढीसारखं ते पाझरावं.
काचा आतून घामेजलेल्या. वास तळघराचा.

गेल्या हिवाळ्यात मीच फासलं होतं सिलिकॉन
सनरूफच्या कडेनं, बोटानं, दाट.
फाटक्या आभाळाला ठिगळ.
पाण्यानं ते वाचलं असावं
आणि दुसरीकडून आलं.

भाचा एमिर म्हणाला, मामा,
हे छप्पर गळतं ही तक्रारच चुकीची.
ते गळणारच. तसंच बनवलंय.
काच मागे सरकवून त्यानं बोट फिरवलं:
खाली चौफेर पन्हळ,
चार कोपऱ्यांना चार भोकं,
भोकांपासून खांबांच्या पोटातून
चार नळ्या, थेट चाकांमागे जमिनीकडे.
पाणी आत यायचं
आणि कुणाला न उठवता
मागच्या दारानं निघून जायचं.

मी काही बोललो नाही.
पाण्याशी माझं नातं
दारातूनच परतवण्याचं.

मग आणला.
पुढचा उजवा कोपरा: घटाघटा प्यायला,
चाकामागे लगेच ओघळ.
पुढचा डावा: तसाच.
मागचा उजवा जरा रेंगाळला, पण गेला.
मागच्या डाव्यात पाणी उभं राहिलं,
फळ्यापुढच्या पोरासारखं
ढिम्म.

मी हवेचा पंप उचलला, एमिरनं मनगट धरलं.
जोर लावलास तर नळी आत कुठेतरी निसटेल,
मग अख्खं अस्तर उतरवावं लागेल.
त्यानं दिली गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी,
टोक लायटरनं वितळवून गोल केलेलं.
हात, दीड हात. मग आडकाठी.
किल्ली फिरवावी तशी फिरवत राहिलो.
खाली खोकल्यासारखा आवाज
आणि काळा चिखल, मुठीएवढा,
त्यात बारीक, पिवळ्या, मऊ सुया.

लार्च.
लाकूड मला कळतं. छपरांच्या पट्ट्या
त्याच्याच ठोकल्या मी जन्मभर.
पण आमच्या गल्लीत लार्च नाही,
चॅपेलपाशी नाही, दुकानापाशी नाही.
दगड, नेचे, मेंढ्या.
कुठेतरी पाणी मुरतंय, मनात आलं,
आणि त्याची लाजही वाटली
या वयात.

रात्री चहाच्या बशीत त्या सुया ठेवल्या.
नेरिसनं एक उचलली, चिमटीत फिरवली.
मंगळवारी, म्हणाली,
तुझ्या बहिणीकडून परत येताना
तळ्याकाठी थांबायचे मी झाडाखाली.
छप्पर बोटभर उघडं ठेवून.
पाऊस ऐकायला.
आपल्या घरात ऐकू येत नाही ना.
फार चांगलं घातलंयस तू.

बोलण्यात टोचणी नव्हती.
तिनं सुई बशीत परत ठेवली,
आणि अजून बिस्किटं आहेत का म्हणून उठली.

सिलिकॉन खरवडायला तीन संध्याकाळी गेल्या,
नखं अजून चिकट आहेत.
कार्पेटला अकरा दिवस लागले,
रोज रात्री वर्तमानपत्रं पसरायची,
रोज सकाळी ओली उचलायची.
निवडणूक, मृत्यू, रग्बी, सगळं लगदा.

काल शेवटची परीक्षा.
मी वर, हातात मग.
ती मागच्या सीटवर, डाव्या बाजूला,
कान खांबाला लावून.
ओतलं.
जातंय का? मी विचारलं.
तिनं बोट ओठांवर ठेवलं.
चाकामागे ओघळ येऊन थांबलाही,
तरी ती हलली नाही.
मग आतूनच म्हणाली,
अजून एक मग ओत.