डावीकडे वळताना

सरळ रस्त्यावर काही नसतं.
मुंबई नाक्यापासून पाथर्डी फाट्यापर्यंत
माझी नव्व्याण्णव सालची झेन
पाढे पाठ असलेल्या मुलीसारखी जाते.
पण इंदिरानगरच्या बोगद्यात शिरायला
स्टीअरिंग डावीकडे घेतलं
की पुढच्या चाकापाशी कुठेतरी
टण.
एकदाच. मग पुन्हा शहाण्यासारखी गप्प.

पहिला म्हणाला, लिंक रॉड.
बदलला. अकराशे रुपये.
दुसरा सातपूरचा, काचेच्या केबिनवाला:
खालच्या आर्मचे बुश, दोन्ही बाजूंचे,
वर अलाइनमेंट, वर वॉशिंग, वर एक पेन भेट.
बोगद्यात, टण.
तिसरा शेजारी बसून फेरी मारून आला
आणि त्याच्यासमोर ती बोललीच नाही.
"मॅडम, जुनी आहे, चालायचंच," म्हणाला,
स्टाफरूममध्ये हल्ली
माझ्या गुडघ्यांबद्दल म्हणतात तसं.

हेमलता म्हणाली, विकून टाक,
रेडिओ मोठा लाव तोवर.
तेही करून पाहिलं. आठ दिवस.
आवाज कानाला लागायचा थांबला
तरी स्टीअरिंगमधून तळव्याला कळायचा.

शेवटी वडाळा नाक्याला मुनाफ मिस्त्री.
पत्र्याची शेड, दाराशी फाटक्या टायरमध्ये लावलेला पुदिना.
प्रेस शॉपमध्ये अठरा वर्षं काढली त्यांनी,
डावा कान तिथंच ठेवून आले.
मी तोंडानं टण करून दाखवलं. दोनदा.
तौसिफ, त्यांचा नातू, हसला.
ते हसले नाहीत. विचारलं,
"गाडी उभी असताना पण होतो?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

इंजिन बंद. बॉनेट वर.
जॅक नको म्हणाले, वजन चाकावरच राहू दे.
मी आत, स्टीअरिंगला लोंबकळून;
पॉवर वगैरे नाही तिला,
उभ्या जागी फिरवताना दंड भरून येतात.
"हळू. डावीकडं. अजून हळू."
मला फटीतून फक्त त्यांची टोपी दिसत होती.
हात चाकाच्या कमानीत, कोपरापर्यंत,
स्प्रिंगच्या वेढ्यावर चार बोटं,
कणीक झाली का बघताना ठेवतात तशी,
दाबायची नाहीत, नुसती टेकवायची.

मग तौसिफला बोलावून
त्याची बोटं ठेवली तिथं.
परत उजवीकडं. परत डावीकडं.
टण,
आणि पोरानं हात झटकन मागे घेतला,
डोळे एवढाले करून.

"चाक वळलं की स्प्रिंगनं पण वळायला पाहिजे.
वरचं बेअरिंग जाम झालंय, ते सोडत नाही.
मग ती पीळ खात बसते. खात बसते.
आणि एकदम सुटते.
तेवढाच आवाज. बाकी गाडीला काही नाही."

मी जरा वेळ तशीच बसून राहिले,
स्टीअरिंग धरून.
उतरा म्हणाले तेव्हा उतरले.

काढलेलं बेअरिंग त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.
आत बावीस पावसाळ्यांचा गंज
आणि वाळून काळं झालेलं ग्रीस.
नखानं ढकलून पाहिलं, एक गोळी हलेना.
मी ते पर्समध्ये टाकलं. का, माहीत नाही.
पार्ट सव्वासातशे, मजुरी वेगळी,
सुटे नव्हते म्हणून वीस रुपये सोडले.

संध्याकाळी बोगदा.
स्टीअरिंग डावीकडे घेतलं, श्वास धरून.
काही नाही.
इतकं काही नाही, की मी तिथंच रेंगाळले
आणि मागच्या रिक्षावाल्यानं माझा उद्धार केला.

बाहेर पडले, तर पुढून
बारीक खुळखुळ. आता सरळ रस्त्यावरसुद्धा.

बाजूला घेऊन फोन लावला.
तौसिफनं उचलला. "कसा येतोय?" म्हणाला.
सर्व्हिस रोडवर, पाणीपुरीच्या गाडीशेजारी,
मी तोंडानं करून दाखवला.
पलीकडे हसणं नाही. मग सावकाश,
आजोबांच्या गळ्यातून काढल्यासारखं,
"गाडी उभी असताना पण होतो?"

मी ऐकलं. नाही होत.

"मग आमचा चौदाचा पाना असेल,
बॅटरीच्या मागं.
उद्या आणून द्या."