एकाहत्तर

"बोट दे," म्हटलं. आईनं अंगठा पुढे केला,
दगड फोडून फोडून चपटा, नख जांभळं.
चिमट्यात लाल दिवा लागला.
आकडा जरा घुटमळला, मग बसला: एकाहत्तर.

खाली आरेकिपाला, नर्सिंगच्या वॉर्डात,
एकाहत्तर म्हटलं की धावपळ उडायची,
पलंगाची चाकं, नळी, मास्क, कुणाचा तरी आरडाओरडा.
इथे आई विचारते, "झालं? बटाटे चढवलेत मी."

बटाटे सकाळपासून चुलीवर आहेत.
या उंचीवर पाणी लवकर उकळतं आणि तापत नाही,
नुसता बुडबुड्यांचा गाजावाजा.
काडी ओढली तर ज्योतही आधी विचार करते.
"दम धर," आई म्हणते, "शिजतील."

हवेत प्राणवायू इथेही तेवढाच, शंभरात एकवीस.
मी परीक्षेत लिहिलं होतं.
फक्त वरून दाबायला हवेचं ओझं नाही,
म्हणून तो छातीत शिरत नाही.
आईला समजावलं, तर म्हणाली,
"मुकादमही हेच सांगतो.
सोनं तेवढंच आहे, तुमच्यापर्यंत येत नाही इतकंच."

बाई खाणीत शिरली की सोनं लपतं म्हणे.
म्हणून बावीस वर्षं ती बाहेर, उतारावर,
पुरुषांनी टाकलेल्या दगडांत चमक शोधत बसलेली.
तिचं शरीरही तेच करत आलं:
विरळ वाऱ्यातून कण कण वेचायचा,
वेचायला हात कमी पडतात म्हणून
लाल पेशी वाढवायच्या, आणखी, आणखी,
रक्ताची काकवी होईस्तोवर.

रात्री झोपेत तिचा श्वास थांबतो.
मी अंधारात मोजते. अकरा. बारा. तेरा.
मग ती कुठूनशी परत येते,
कूस बदलते, माझं पांघरूण ओढते.

ऑगस्टात तिला समुद्रावर नेलं, कामानाला.
अठ्ठ्याण्णव! ओठ गुलाबी, कुणा भलत्याच बाईचे.
वाळूत बसून म्हणाली, "एवढी हवा. कुणाची आहे ही?"
निघताना तिनं रिकामी बाटली उघडली,
लाटांसमोर धरली आणि झाकण घट्ट लावलं.

बस चढत गेली तशी बाटली फुगत गेली.
गावात पोचेतो टणटणीत झाली होती.
आईनं ती फळीवर ठेवली,
सान्ता बार्बाराच्या शेजारी, तिला हात लावायचा नाही.

काल शेजारी एर्मेलिंदा बाळंत झाली.
पोर निळसर, रडायलाही तयार नाही.
मी पाठ चोळत होते, पावलांवर टिचक्या मारत होते.
आई धावत बाटली घेऊन आली,
पोराच्या नाकाशी धरून झाकण फिरवलं.
फुस्स.

अर्ध्या श्वासाचीही हवा नव्हती ती.
उपयोग शून्य, गणित मला येतं.

पोर शिंकलं.

आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
रिकामी बाटली काखेत मारली
आणि बटाट्याला सुरी टोचून बघायला गेली.