दुधाची वही

रात्री दहाला पाठ टेकतो, सकाळी सातला उठतो.
नऊ तास. हिशेबात कुठे खोट नाही.
आणि तरी उठताना अंग असं,
की रात्रभर सियागंजात पोती उतरवली.
तोंडाला कोरड, कपाळात ठणका,
डोळ्यांत कालचीच रात्र, न वापरलेली.

शैलजा म्हणायची, झोपता तरी किती!
ठेल्यावर पोहे खाताना एकदा पेंगलो,
जिरावण सगळं सदऱ्यावर.
लोक हसले, मीही हसलो:
माळव्याची हवाच अशी आहे, भाऊ.

मग शीख मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर, दुकानात,
डोळ्याला भिंग, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग,
आणि मी क्षणभर नव्हतोच.
भानावर आलो तेव्हा स्प्रिंग लादीवर कुठेतरी
आणि समोर पेन्शनीतले पोस्टमास्तर.
त्यांच्या लग्नातलं घड्याळ.
"असू द्या," म्हणाले.
असू द्या कसं?
चाळीस वर्षं दुसऱ्यांची वेळ दुरुस्त करतोय मी.

त्या रात्री शैलजा जागी राहिली.
माझंच एक जुनं घड्याळ, रेडियमच्या काट्यांचं,
उशाशी धरून मोजत बसली.
घोरणं तिला तीस वर्षं पाठ होतं.
ते थांबलं की तिला बरं वाटायचं,
झोपला बाई शांत, आपणही डोळे मिटू.
त्या रात्री तिनं पहिल्यांदा
त्या शांततेकडे वाकून पाहिलं.
छाती हलत होती, हवा येत नव्हती.
अठरा. एकवीस. सव्वीस.
मग खोल विहिरीत पोहरा आपटावा तसा आवाज
आणि मी वर,
आणि पुन्हा खाली.
मला यातलं काही ठाऊक नाही.
मी झोपलो होतो ना.

कागद हाताशी नव्हता, दुधाच्या वहीतच लिहिलं.
ता. नऊ : दूध दीड लिटर.
दोन दहा – बावीस सेकंद.
दोन बारा – एकोणतीस.
ता. दहा : दूध एक, पाहुणे गेले.
महिनाअखेरीला रामरतन बेरजेला बसला
आणि म्हणाला, काकी, ये कौन-सी भैंस का हिसाब है?

डॉक्टर छाजेडांनी आधी रक्त, साखर, थायरॉईड,
ताकदीच्या गोळ्या, रात्री हलकं जेवा.
शैलजानं पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली.
ते पानं उलटत गेले. बराच वेळ.
मग अंगभर वायरी लावून एक रात्र.
तासाला एक्केचाळीस वेळा.
म्हणजे दर दीड मिनिटाला
कुणीतरी मला हलवून उठवत होतं
आणि तो मीच होतो.

मशीन महाग आहे. मास्कचा वळ दुपारपर्यंत राहतो.
नातू म्हणतो, आजोबांना सोंड आली.
पहिल्या चार रात्री झोपेतच काढून फेकला.
पाचव्या की सहाव्या सकाळी
खाली कचरागाडीचं गाणं वाजत आलं, वाजत गेलं,
मी पडूनच.
काहीतरी नव्हतं. काय, ते कळेना.
कपाळ दुखत नव्हतं.

शेजारी शैलजा, छातीवर वही, बोटांत पेन.
ता. सतरा : दूध दीड.
एक चाळीस – ठीक. दोन पाच – ठीक.
दोन वीस –
आणि तिथून एक वाकडी रेघ
पानाच्या कडेवरून चादरीवर उतरलेली.

रामरतनची घंटी वाजली.
पातेलं घेऊन मीच गेलो.